गोल कोणी केला तेही छापा
मराठी क्रीडा संपादकांना आणि क्रीडा पत्रकारांना खुले पत्र

सन्माननीय संपादक आणि पत्रकार बंधू-भगिनींनो,



कोलकात्यात ईस्ट बंगाल आणि मोहन बागान यांचा सामना जवळ आला की आपल्या मराठी दैनिकांत एक ठरलेला मजकूर येतो. ईस्ट बंगाल जिंकले की हिल्सा महागते, मोहन बागान जिंकले की कोळंबी. शहर दुभंगते, घराघरांत भांडणे होतात, स्टेडियम लाल-पिवळ्या आणि हिरव्या-तांबड्या रंगांनी भरून जाते. यातले काही खोटे नसते. पण त्या क्लबशी आमच्या गडचिरोली जिल्ह्यातल्या हजारो माणसांचा काय संबंध आहे, हे त्या मजकुरातून कधी कळत नाही. मागच्या वेळी एका दैनिकात असा अर्धा पानभर लेख वाचला आणि हे पत्र लिहायला बसलो. मी निवृत्त क्रीडाशिक्षक आहे. वर्तमानपत्र हातात आले की आजही आधी शेवटचे पान उघडतो, म्हणून हक्काने लिहितो आहे.

आमच्या मुलचेरा आणि चामोर्शी तालुक्यांत बंगाली बोलणाऱ्यांची गावे आहेत. सुंदरनगर, विवेकानंदपूर ही त्यांतली काही नावे. पूर्व पाकिस्तानातून जीव घेऊन निघालेल्या कुटुंबांना १९६० नंतरच्या वर्षांत तेव्हाच्या चांदा जिल्ह्यात जंगल तोडून जमिनी दिल्या गेल्या. गडचिरोली हा वेगळा जिल्हा झाला २६ ऑगस्ट १९८२ रोजी. म्हणजे ही माणसे जिल्ह्याहून जुनी आहेत. त्यांच्या घरामागे तळे असते, तळ्यात मासळी असते, आणि गावाला फुटबॉलचे मैदान असते. बाकी जिल्ह्यात धान निघाला की बांधी सपाट करून कबड्डीचे सामने भरतात, व्हॉलीबॉलची जाळी लागते. या गावांत मात्र भर पावसात, घोट्याएवढ्या चिखलात पोट्टे फुटबॉल खेळतात. हा खेळ तिथे शाळेने नेला नाही, क्रीडा खात्यानेही नेला नाही. तो त्यांनी सोबत आणला.

आता ज्या क्लबविषयी तुम्ही हिल्सा-कोळंबी लिहिता, त्याचा जन्म कसा झाला तो पाहा. २८ जुलै १९२० रोजी कूचबिहार करंडकाच्या सामन्यात जोराबागान क्लबने मोहन बागानविरुद्ध संघ उतरवला आणि शैलेश बोस या खेळाडूला बाहेर ठेवले. बोस पूर्व बंगालचे. क्लबचे उपाध्यक्ष सुरेशचंद्र चौधरीही पूर्व बंगालचे. त्यांनी बोस यांना घ्या म्हणून आग्रह धरला, कोणी ऐकले नाही, तेव्हा ते क्लब सोडून निघाले. काही सोबत्यांना घेऊन त्यांनी १ ऑगस्टला नवा क्लब काढला आणि त्याला आपल्या मुलखाचे नाव दिले. कोलकात्यातले जुने रहिवासी पूर्वेकडून आलेल्यांना ‘बांगाल’ म्हणत आणि त्यांच्या बोलण्या-चालण्याला नाके मुरडत. संघातून एका खेळाडूचे नाव गाळले गेले त्यामागे हे सगळे होते. फाळणी अजून सत्तावीस वर्षे दूर होती.

फाळणीनंतर मात्र क्लबचा अर्थच पालटला. सियालदह स्टेशनाच्या फलाटांवर कुटुंबेच्या कुटुंबे महिनोन्महिने राहिली. जादवपूर, विजयगड या भागांत निर्वासितांनी रिकाम्या जागांवर वसाहती उभ्या केल्या. गाव गेले, शेत गेले, नदी गेली. १९५५ साली तिकडच्या प्रांताचे नाव बदलून पूर्व पाकिस्तान झाले, तेव्हा पूर्व बंगाल हे नाव नकाशावरूनही गेले. ते उरले कोलकात्याच्या मैदानावरच्या एका फुटबॉल क्लबच्या तंबूवर. निर्वासित माणूस त्या क्लबासाठी उपाशीपोटी रांगेत का उभा राहायचा, हे समजायला एवढे पुरेसे आहे. माशाच्या भावावरून ते समजत नाही.

आणखी एक गोष्ट तुम्ही सांगत नाही आणि मला ती सर्वांत मोलाची वाटते. १९४९ ते १९५१ अशी सलग तीन वर्षे ईस्ट बंगालने आयएफए शील्ड जिंकली. त्या संघाच्या आघाडीच्या फळीला चाहते ‘पंचपांडव’ म्हणत. अहमद खान, वेंकटेश, अप्पाराव, धनराज आणि सालेह. नावे नीट वाचा. या पाचांत एकही बंगाली नाही. सगळे दक्षिणेकडचे, त्यांत दोन मुसलमान. धर्माच्या नावाने ज्यांची घरे गेली त्या लोकांनी, जखम ओली असताना, या पाच जणांना डोक्यावर घेतले. दुसरी बाजूही अशीच आहे. १९११ साली ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला हरवून शील्ड जिंकणाऱ्या मोहन बागानच्या संघातले कित्येक खेळाडू मूळचे पूर्व बंगालचे होते. शहराची दोन तुकड्यांत सरळ वाटणी करणारा तुमचा मजकूर या दोन संघांच्या यादीपुढे टिकत नाही.

पण खरी फाळणी होती, आणि ती ईस्ट बंगालच्या चाहत्यांतच होती. ज्यांना कोलकात्यात नातेवाईक होते, शिक्षण होते, नोकरीची आशा होती, ते बहुतेक शहरात राहिले. नंतरच्या लाटांत आलेले बरेचसे शेतकरी आणि कोळी, त्यांत नामशूद्र समाजाचे पुष्कळ. त्यांना बंगालबाहेर पाठवण्यात आले. रायपूरजवळच्या माना छावणीत, १९५८ साली सुरू झालेल्या दंडकारण्य प्रकल्पात, अंदमानात आणि आमच्या चांद्याच्या जंगलात. दंडकारण्यातून १९७८ साली हजारो लोक सुंदरबनातल्या मरीचझापी बेटावर परत गेले, तेव्हा तिथल्याच सरकारने १९७९ मध्ये त्यांना बळाने हुसकावून लावले आणि त्यात माणसे मेली. क्लब सर्वांचा होता. मैदानाजवळ राहण्याची संधी मात्र काहींनाच मिळाली. मुलचेऱ्याच्या म्हाताऱ्यांपर्यंत ईस्ट बंगाल पोचले ते नातलगांच्या पत्रांतून, पाहुण्यांनी सांगितलेल्या गोष्टींतून आणि पुष्कळ वर्षांनी टीव्हीवरून. तरी तो क्लब त्यांचाच राहिला. कागदांनी मात्र त्यांना इथे साथ दिली नाही. पश्चिम बंगालमध्ये नामशूद्र अनुसूचित जातीत आहेत, महाराष्ट्राच्या यादीत नाहीत. या गावांतला पोट्टा जातीच्या दाखल्यावाचून शिकतो आणि दाखल्यावाचूनच खेळतो. १९ जानेवारी २०२० रोजी ईस्ट बंगालच्या चाहत्यांनी सामन्यात मोठा फलक उभारला होता. ही माती आम्ही रक्त देऊन मिळवली, कागद दाखवून नाही, असा त्याचा आशय होता. तेव्हा देशभर नागरिकत्वाच्या कागदांची चर्चा चालू होती. त्या फलकाचा अर्थ मुलचेऱ्यात कोणाला समजावून सांगावा लागला नसता.

माझी पहिली विनंती म्हणूनच ही आहे. पुढच्या वेळी या सामन्यावर लिहाल तेव्हा बाजारभाव सोडा आणि माणसांचा इतिहास लिहा. १६ ऑगस्ट १९८० रोजी ईडन गार्डन्सवर याच दोन संघांच्या सामन्यात चेंगराचेंगरी होऊन सोळा जण मेले. कोलकात्यात दरवर्षी त्या तारखेला रक्तदान होते, हे लिहा. ऑगस्ट २०२४ मध्ये एका तरुण डॉक्टर स्त्रीवरच्या अत्याचारानंतर शहर पेटले. ड्युरंड करंडकातला या दोघांचा सामना रद्द झाला, तेव्हा दोन्ही क्लबांचे चाहते सॉल्ट लेक स्टेडियमबाहेर एकत्र निदर्शनाला उभे राहिले आणि पोलिसांच्या लाठ्याही त्यांनी एकत्र खाल्ल्या. मी पाहिलेल्या मराठी क्रीडा पानांवर त्याचे वर्णन ‘सामना रद्द’ एवढेच होते. ज्या शहराला तुम्ही वर्षानुवर्षे दुभंगलेले म्हणता, ते त्या दिवशी कसे वागले हे आमच्या वाचकाला का सांगू नये?

दुसरी तक्रार माझ्या नोकरीतली आहे. तालुक्यात स्पर्धा झाली की निकाल लिहून मी जवळच्या वार्ताहराकडे द्यायचो. संघ, गोलसंख्या, गोल करणाऱ्यांची नावे, गोलरक्षकाचे नाव, सगळे स्वच्छ अक्षरात. दोन दिवसांनी बातमी यायची. उद्घाटक कोण, अध्यक्षस्थानी कोण, प्रमुख अतिथी कोण, मंचावर आणखी कोण कोण, प्रास्ताविक कोणी केले, सूत्रसंचालन कोणी केले, आभार कोणी मानले. शेवटच्या ओळीत विजेत्या गावाचे नाव. गोल कोणी केला ते नाही. चार-सहा किलोमीटर चालत मैदानावर आलेल्या मुलाने तीन गोल केले आणि त्याचे नाव कुठेच नाही! ते कात्रण त्याच्या आईला दाखवायचे तरी कसे? मी एका वार्ताहराला विचारले तेव्हा तो म्हणाला, सर, पाहुण्यांची नावे गाळली तर फोन येतात, पोट्ट्यांची गाळली तर कोणाचाच येत नाही. तो खरे बोलला. म्हणून त्याला दोष न देता हा प्रश्न मी तुमच्यासमोर ठेवतो आहे. फोन न करणाऱ्यांची बाजू सांभाळणे हे संपादकाचे काम आहे.

शिवाय ती बातमी छापून येते ती जिल्ह्याच्या पुरवणीत. गडचिरोलीची बातमी गडचिरोलीत, चंद्रपूरची चंद्रपुरात. नागपूरच्या वाचकाला मुलचेऱ्याचा निकाल दिसत नाही आणि पुण्या-मुंबईच्या वाचकाला तर आमचा जिल्हा चकमक झाली की दिसतो. शहराचे दोन भाग झाल्याच्या कथा तुम्ही आवडीने छापता, मात्र छपाईच्या सोयीसाठी तुम्ही महाराष्ट्राचेच वीस तुकडे केले आहेत. निदान खेळाचे पान तरी राज्यभर एक ठेवा. त्यावर दररोज एक चौकट तालुक्याच्या मैदानांना द्या. क्रिकेट लीगमधल्या खेळाडूंच्या सुट्टीची छायाचित्रे एक दिवस कमी छापली तर वाचक तक्रार करणार नाही.

नागपूरविषयी लिहिताना मला जास्त वाईट वाटते, कारण ते आमचे शहर आहे. आमचे कॉलेज, दवाखाना, कोर्ट सगळे तिथे. २००१ साली हिस्लॉप कॉलेजातले क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनी पावसात झोपडपट्टीतली मुले फुटकी बादली लाथाडत खेळताना पाहिली आणि त्यांना फुटबॉल दिला. त्यातून झोपडपट्टी फुटबॉल आणि पुढे ‘स्लम सॉकर’ उभे राहिले. कॉलेज आणि वस्ती यांच्यामध्ये जी भिंत असते ती आपल्या प्रत्येक शहरात आहे. बारसे सरांनी ती ओलांडून मुलांना मैदानावर आणले, पुढे ही मुले बेघरांच्या विश्वचषकापर्यंत गेली. तेव्हा मराठी क्रीडा पाने काय करत होती? त्यांच्या मुलाने अमेरिकेत असताना वडिलांच्या कामाविषयी तिथल्या वर्तमानपत्रात वाचले आणि तो परत आला, अशी हकीकत बऱ्याच ठिकाणी छापून आली आहे. ती वाचून एका मराठी वाचकाला काय वाटत असेल याचा विचार करा. ऑक्टोबर २०१४ मध्ये आमिर खान यांनी ‘सत्यमेव जयते’त ही गोष्ट सांगितली. २०१६ साली फिफाने विविधतेसाठीचा पुरस्कार स्लम सॉकरला दिला. मार्च २०२२ मध्ये नागराज मंजुळे यांचा ‘झुंड’ आला आणि अमिताभ बच्चन पडद्यावर सर झाले. मग तुमचे लेख आले, एका आठवड्यात ढिगाने. त्यांतले बहुतेक चित्रपटाविषयी होते.

स्टीफन हिस्लॉप या मिशनऱ्याच्या नावाने ते कॉलेज आहे. त्याने नागपुरात राहून गोंडांच्या कथा-परंपरा टिपून ठेवल्या आणि त्याच्या मृत्यूनंतर १८६६ साली त्या छापल्या गेल्या. नागपूर वसवले ते गोंड राजा बख्त बुलंद शाहने, चंद्रपूरचा परकोट बांधला तोही गोंड राजांनी, आणि गोंडांच्या गोष्टी लिहून ठेवायला माणूस आला तो स्कॉटलंडहून. हे मी कोणाला टोचायला सांगत नाही. आपल्या माणसांची नोंद आपण वेळेवर केली नाही तर ती दुसऱ्याच्या नजरेतून आपल्याकडे परत येते, आणि स्लम सॉकरच्या बाबतीत दीडशे वर्षांनी पुन्हा तेच घडले.

कोल्हापूरबद्दल थोडक्यात. पाटाकडील, शिवाजी तरुण मंडळ, बालगोपाल, दिलबहार, खंडोबा, प्रॅक्टिस क्लब. कुस्तीच्या तालमींनी फुटबॉलचे संघ उभारावेत आणि पेठ विरुद्ध पेठ अशा सामन्यांना शाहू स्टेडियम भरून जावे, असे दुसरे शहर महाराष्ट्रात नाही. याच शहरातून आलेला अनिकेत जाधव २०१७ साली सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला. पण विदर्भात बसून मला कोल्हापूरचा फुटबॉल वाचायला मिळतो तो समर्थकांत दगडफेक झाली, लाठीमार झाला की. तालमीत फुटबॉल शिरला कसा, मल्लांनी तो कसा स्वीकारला, पेठांचे वैर कशावरून आले आणि कोणत्या सामन्यांनी ते निवळले, यावर एक सलग लेखमाला का होऊ नये? ती लिहिण्याची ताकद तुमच्यापैकी अनेकांकडे आहे. स्थानिक वार्ताहरांकडे तर साहित्य तयार पडलेले आहे.

त्याच वर्षी, १५ सप्टेंबर २०१७ रोजी, राज्य सरकारने ‘महाराष्ट्र मिशन वन मिलियन’ म्हणून राज्यभर मुलांना फुटबॉल खेळायला लावले होते. शाळांना फुटबॉल मिळाले, मंत्र्यांनी किक मारली, तुम्ही पहिल्या पानावर छायाचित्रे छापली. १६ सप्टेंबरपासून पुढे काय झाले, हे विचारायला कोण गेले? त्यातले किती फुटबॉल ऑफिसच्या कपाटात राहिले, किती शाळांना मैदानच नव्हते, किती गावांत एखादा संघ खरोखर तयार झाला? ही चौकशी शोधपत्रकारितेत मोडते, आणि ती क्रीडा पत्रकारानेच करायची असते.

चांगले उदाहरण द्यायचे तर बेलफास्टचे देतो. तिथे बेलफास्ट सेल्टिक हा मुख्यतः कॅथलिक वस्तीचा क्लब होता आणि लिनफिल्ड प्रोटेस्टंटांचा. २७ डिसेंबर १९४८ रोजी विंडसर पार्कवर या दोघांचा सामना संपताच जमाव मैदानात घुसला आणि सेल्टिकच्या जिमी जोन्सचा पाय त्यांनी मोडला. जोन्स स्वतः प्रोटेस्टंट होता. तो हंगाम संपल्यावर, १९४९ मध्ये, सेल्टिक लीगमधून कायमचे बाहेर पडले. त्यांच्या मैदानावर आता बाजारसंकुल आहे. पण त्याच संकुलात त्या क्लबचे छोटे संग्रहालय आहे, पुस्तके आहेत, जुन्या खेळाडूंच्या मुलाखती आहेत. पाऊणशे वर्षांपूर्वी बंद झालेल्या क्लबचे गोल कोणी केले ते तिथे सांगता येते, आणि आमच्याकडे मागच्या पावसाळ्यातला सांगता येत नाही.

मला माहीत आहे, तुमच्याकडे माणसे कमी आहेत, जागा कमी आहे, जाहिरात येते तिकडे पान वळते. मैदानाने सगळे सुटते असाही माझा दावा नाही. आमच्याकडे जमिनीवरून आणि वनहक्कांवरून आदिवासी आणि बंगाली गावांत कुरबुरी आहेत, त्या फुटबॉलने मिटलेल्या नाहीत. पण गोंड, माडिया, तेली, बंगाली पोट्टे एका चिखलात उतरतात आणि नव्वद मिनिटे एकमेकांना नावाने हाका मारतात, हे मी पाहिले आहे. ज्याचे नाव घेऊन पास मागितला त्याच्याशी उद्या बाजारात बोलणे सोपे जाते. ती नावे तुम्ही छापलीत तर पलीकडच्या गावातही पोचतील.

तेव्हा मागणे एवढेच आहे. तालुक्याच्या निकालात गोल करणाऱ्याचे नाव छापण्याचा नियम करा आणि तो तुमच्या प्रत्येक वार्ताहराला लेखी कळवा. पाहुण्यांची नावे दोनवर आणा. फाळणीनंतर इथे आलेली पहिली पिढी आता ऐंशीच्या पुढे आहे. ढाका, बारिसाल, खुलना, फरीदपूर इथल्या मैदानांच्या आठवणी त्यांच्यासोबत चालल्या आहेत, त्या आधी टिपून घ्या. बंगाली येणारा माणूस मिळाला नाही तर गावातले तरुण दुभाषाचे काम करतील, त्यांना मराठी उत्तम येते.

येत्या पावसाळ्यात तुमचा एक वार्ताहर आणि एक छायाचित्रकार मुलचेऱ्याला पाठवा. सामने साधारण दुपारी सुरू होतात आणि अंधार पडेपर्यंत चालतात. राहण्याची आणि जेवणाची व्यवस्था गाव करेल.



आपला नम्र,
एक निवृत्त क्रीडाशिक्षक
जि. गडचिरोली